शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा रुक्ष वाटेल (अनुदान, मानधन, तरतूद असले शब्द येणार आहेत, आधीच सांगून ठेवतो). पण संक्रांतीच्या सुमारास आठ दिवस मलकापूरला राहून आलो, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

प्रश्न अगदी साधा आहे. शाळा पाचच्या सुमारास सुटते. आईबाप घरी येतात सातला, कधी आठला. कापसाचा हंगाम असला आणि बाप जिनिंगवर पाळीला असला तर आणखी उशिरा. मधल्या दोन-अडीच तासांत आठवी-नववीतलं पोरगं कुठे असतं?

घरोघरी विचारत गेलो. नातेवाइकांकडे जायचंच होतं, तिळगुळाचं निमित्त होतं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं ट्यूशनला. बाकीची घरात मोबाईलवर, नाहीतर बाहेर. 'बाहेर' म्हणजे नक्की कुठे, हे बहुतेकांना सांगता आलं नाही. शेजारचे एक काका म्हणाले, "थो मोबाईल काई सोळत नाई पाय, अन् काढून घेतला त जेवत नाई." सगळे हसले. हसण्यासारखंच बोलतात ते. पण त्यांचा नातू तिथेच कोपऱ्यात बसला होता आणि तो काही हसला नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

मुलींचं उत्तर वेगळं. गावातली मुलगी असेल तर शाळा सुटली की थेट घर, आणि घरी धाकट्यांचं बघणं, पाणी भरणं. खेड्यावरून येणारी असेल तर स्टँड. मुलींना मोफत एसटी पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे आणि तिनं खरोखर हजारो मुलींची शाळा वाचवली, यात शंका नाही. पण पास मोफत असला तरी गाडी काही तिच्यासाठी थांबत नाही. शाळा सुटल्यावर काही मुली अर्धा तास, काही तासभर स्टँडवर उभ्या असतात. मुलांचे घोळके, टपरी, गाड्यांचे हॉर्न, आणि त्यात दप्तर छातीशी धरून उभ्या असलेल्या या पोरी. तसं बघितलं तर आपल्या तालुक्यात शाळेनंतरचा कार्यक्रम रोज चालूच आहे, फक्त तो कुणी आखलेला नाही!

आता या गोष्टीला हल्ली 'वेलनेस प्रोग्रॅम' म्हणतात. शब्द ऐकला की मला एसी हॉल, बॅनर आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या दिसायला लागतात. पण शब्दाशी भांडण नाही. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की रोज संध्याकाळी मुलाला घाम यावा, पोटात काहीतरी पडावं, आणि ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असं घराबाहेरचं एक मोठं माणूस त्याला रोज भेटावं. पोटाचं मुद्दाम लिहिलंय. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववी-दहावीतलं पोर, जे सगळ्यात झपाट्यानं वाढतंय, ते सकाळच्या डब्यावर संध्याकाळपर्यंत काढतं. अशा पोराला प्राणायाम शिकवण्याआधी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे काही लाडाकोडाचे विषय नाहीत. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आपला बुलडाणा तर २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये आलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. तेव्हा व्याजमाफीवर, सिंचनावर, बियाण्यांवर भरपूर चर्चा झाली. ज्या घरातून बाप गेला त्या घरातलं पोर संध्याकाळी कुणाशी बोलतं, हा विषय माझ्या वाचनात तरी कधी आला नाही. (आणि हो, १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. कोणत्याही वेळी लावता येतो. मुलांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.)

मग सरकार काहीच करत नाही का? करतं की! यादी मोठी आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातल्या पालघरमधून. २०१४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' निघाली. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला, त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी 'आरोग्यदूत' व्हायचं आणि अकरा विषयांवर मुलांशी बोलायचं. कागदावर हे सगळं उत्तम आहे आणि मी ते टिंगल म्हणून लिहीत नाहीये. पण दवाखान्याची ओपीडी आणि शाळा यांची वेळ एकच. आणि आरोग्यदूत झालेले शिक्षक म्हणजे तेच, ज्यांच्या डोक्यावर खिचडीचा हिशोब, ऑनलाईन माहिती, निवडणुकीची कामं आधीच आहेत. माझी एक चुलत वहिनी शिक्षिका आहे. ती म्हणाली, "भाऊजी, पोरगी रडत आली तर मी ऐकीन हो, पण तेवढ्यात कुठली तरी लिंक भरायची शेवटची तारीख असते."

योगदिनाची तर आमच्याकडे वेगळीच गंमत. २०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन होतो. आणि उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उघडतात त्याच्या नंतर! म्हणजे ज्या दिवशी मुलांनी योग करायचा त्या दिवशी मुलं सुट्टीवर. असो.

माझा खरा मुद्दा पैशाचा आहे. लोक म्हणतात निधी नाही. मला वाटतं निधी आहे, पण तो वस्तूंसाठी आहे. माणसासाठी नाही.

उदाहरण घ्या. समग्र शिक्षा ही योजना २०१८-१९ मध्ये आली तेव्हापासून त्यात खेळाच्या साहित्यासाठी शाळेला वार्षिक अनुदान आहे. प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. त्यातून व्हॉलीबॉल येतो, नेट येते, कॅरम येतो. साहित्य कपाटात जातं, कपाटाला कुलूप लागतं, आणि पाच वाजता किल्लीवाला घरी जातो. व्यायामशाळा विकासाची योजना आहे, क्रीडांगण विकासाची आहे. पैसे मिळतात ते बांधकामाला, कुंपणाला, साहित्याला. आमदार निधीतून हिरवी-पिवळी व्यायामाची यंत्रं येतात, गावोगावच्या ओपन स्पेसमध्ये तुम्ही पाहिली असतील. एका कॉलनीतली मी यावेळी मुद्दाम जाऊन बघितली. दोन चालू होती, एकावर टॉवेल वाळत होते. यंत्र बसवलं की फोटो निघतो, नारळ फुटतो, पाटी लागते. "रोज साडेपाचला येऊन पोरांना पळवणाऱ्या माणसाचं वर्षभराचं मानधन" या गोष्टीचं उद्घाटन कसं करणार? नारळ कुठे फोडणार?

आणि इतिहास बघितला तर आपल्या वऱ्हाडात नेमकं उलटं होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. वैद्य बंधूंनी आखाडा म्हणून सुरू केलेली संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथे जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पण मला बर्लिनपेक्षा अमरावतीच्या त्या सुरुवातीच्या संध्याकाळी जास्त महत्त्वाच्या वाटतात. मातीचा हौद, लाल लंगोट, आणि न चुकता हजर असलेला कुणीतरी वस्ताद. गावोगावच्या तालमी अशाच होत्या. वस्तादाच्या दुधाची, गव्हाची सोय गाव करायचं. म्हणजे गाव माणसाला पोसायचं आणि माती काय, नदीकाठी फुकट मिळायची. (त्या तालमीत मुलींना जागा नव्हती, सगळ्या जातींची पोरं सगळीकडे येऊ शकत नव्हती, हेही खरं. जुनं ते सोनं म्हणून लिहीत नाहीये.)

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नागपूरचं घ्या. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक. २००१ मध्ये त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, त्याचंच पुढे 'स्लम सॉकर' झालं. २०२२ मध्ये 'झुंड' सिनेमा आल्यावर सगळ्यांना माहीत झालं. त्या गोष्टीत मैदान साधंच होतं आणि चेंडू तर कुठेही मिळतो. मिळत नाही तो बारसेंसारखा रोज येणारा माणूस. पण एक सांगतो, असे झपाटलेले लोक भेटावेत या भरवशावर तालुक्याची योजना करता येत नाही. दर तालुक्याला एक बारसे कुठून आणणार? त्यापेक्षा साध्या, बऱ्या माणसाला नियमित पैसे देणं सोपं.

जगात हे कुणी पद्धतशीर केलंय का, तर आईसलँडनं. चार लाखांपेक्षा कमी वस्तीचा देश. आपल्या बुलडाणा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे, म्हणजे बघा. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी 'गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलो होतो' असं सांगितलं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर बंधनं आणली, पालकांना कामाला लावलं, आणि मुख्य म्हणजे शाळेनंतरच्या खेळांवर, संगीतावर, क्लबांवर भरपूर सरकारी पैसा घातला. राजधानीत तर दर मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम देतात, ती याच कामासाठी वापरायची. आता आईसलँड श्रीमंत आहे, आपण नाही, हे मान्य. पण तिथे शिकवायला शिकलेले, पगारी प्रशिक्षक असतात हा भाग आपण उचलायचा. आपल्याकडे दारूची जागा गुटख्यानं घेतलीय. राज्यात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदाही आहे. तरी पोरांच्या खिशात पुडी सापडतेच, कारण पाच ते सात या वेळात त्यांना उभं राहायला सावलीची, ओळखीची जागा टपरीचीच आहे.

बरं, खर्च किती? मी आपला वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. साठ मुलं-मुली. एक ताई, एक दादा, रोज दोन तास, प्रत्येकी महिना ७ हजार. दहा महिन्यांचे झाले १ लाख ४० हजार. फुटाणे-गूळ मुलामागे दिवसाला ५ रुपये, दोनशे दिवसांचे ६० हजार. चेंडू, दोऱ्या, लेझीम, प्रथमोपचाराची पेटी २० हजार. एकूण २ लाख २० हजार. म्हणजे दर मुलामागे दिवसाला साधारण १८ रुपये. ज्या ज्या घरी मी गेलो, त्यातल्या एकाही घरात एका विषयाची ट्यूशन याहून स्वस्त नव्हती.

हे पैसे कुठून? सीएसआरचं नाव सगळे घेतात. कायदा असा, की वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा, किंवा १ हजार कोटींची उलाढाल, किंवा ५०० कोटींची नक्त मत्ता असलेल्या कंपनीनं सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. आपल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांतले किती यात बसतील? आणि मोठ्या कंपन्यांचा पैसा त्यांच्या कारखान्यांच्या आसपास फिरतो. तेव्हा त्या वाटेला डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

मला जमेल असं वाटतं ते असं. दोनशे घरं-दुकानं, प्रत्येकी वर्षाला ५०० रुपये, झाले १ लाख. आपण गणपतीला यापेक्षा जास्त वर्गणी देतो आणि पावतीही नीट वाचत नाही. ज्यांना जमेल त्या पालकांनी महिना ५०-६० रुपये द्यावेत, ज्यांना जमणार नाही त्यांना विचारूही नये. त्यातून पंचवीस-तीस हजार. उरलेले ९० हजार नगरपरिषदेनं महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीतून द्यावेत. खेडेगावात ग्रामपंचायतीनं उत्पन्नाच्या १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून एखादी ताई सहज उभी राहते. नगरपरिषदेचा वाटा मी मुद्दाम धरलाय. नुसत्या वर्गणीवर पहिलं वर्ष धडाक्यात जातं, दुसऱ्या वर्षी कुरकुर आणि तिसऱ्या वर्षी कुलूप. अंदाजपत्रकात एक ओळ असली की ती काढून टाकायला तरी कुणाला तरी हात वर करावा लागतो.

माणसं मिळतील का? मिळतील! पहाटे फिरायला बाहेर पडा, पोलीस भरतीची तयारी करणारी किती पोरं-पोरी धावताना दिसतात. बी.पी.एड. करून घरी बसलेले आहेत. महिना ७ हजार म्हणजे काही पगार नव्हे, पण अभ्यास करता करता दोन तासांचं मानाचं काम आहे. मात्र नेमताना काटेकोर राहायचं. पोलीस पडताळणी, ताई हजर नसेल तर त्या दिवशी मुलींचा वर्ग बंद, एकट्या मुलाला घेऊन कुणी बंद खोलीत बसायचं नाही. बदलापूरची २०२४ ची घटना विसरून कुणीही मुलांसाठी दारं उघडू नयेत. शाळांत सखी-सावित्री समित्या आहेत, त्यांनाच यावर नजर ठेवायला सांगता येईल.

शेगाव आपल्यापासून किती, नांदुरा, जलंब, की शेगाव. तिथले सेवेकरी पाळी मिळावी म्हणून वाट बघतात, हे आपण अभिमानानं सांगतो. मला कुणी म्हणालं, मग तसेच सेवेकरी मुलांसाठी का नको, पैसे कशाला? फरक आहे. दर्शनाच्या रांगेत आज हा, उद्या तो उभा राहिला तर चालतं. तेरा वर्षांची मुलगी आज एका ताईशी आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ताईशी मनातलं बोलणार नाही. तिला तोच चेहरा रोज लागतो, निदान दोन वर्षं. तोच चेहरा रोज हवा तर त्याच्या पोटाचं बघायला लागेल.

समुपदेशकाचंही असंच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. प्रत्येक शाळेला वेगळा माणूस परवडणार नाही म्हणून कुणीच नेमणार नाही, अशी मला भीती वाटते. पाच शाळांनी मिळून एक ठेवावा, सोमवार हिचा, मंगळवार तिचा. आणि त्याची बसण्याची वेळ संध्याकाळी ग्राउंडवर असावी. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारच्या 'समुपदेशन कक्षा'त पाऊल टाकलं की अख्ख्या वर्गाला कळतं.

एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या लोकांनी आखलेल्या कार्यक्रमांत हमखास राहते, ती म्हणजे ऊन. मार्च सरता सरता शाळा सकाळची होते, म्हणजे मुलं दुपारी साडेअकरा-बाराला मोकळी. चव्वेचाळीस डिग्रीत 'शाळेनंतर मैदानी खेळ' ठेवला तर पोरं दवाखान्यात जातील. तेव्हा दोन वेळापत्रकं लागतील. उन्हाळ्यात संध्याकाळी सहानंतर, दुपारी फार तर पंखा असलेल्या खोलीत कॅरम, पुस्तकं आणि माठातलं पाणी.

आणि खेड्यावरच्या मुली? त्यांना संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबवणारा कुठलाही कार्यक्रम त्यांच्यासाठी नाहीच, हे धरून चाला. त्यांच्यासाठी शाळा सुटणं आणि गाडी लागणं यांच्या मधला तो अर्धा-पाऊण तास आहे. स्टँडजवळच्या एखाद्या शाळेनं तेवढ्यापुरता एक वर्ग उघडा ठेवला, ताई तिथे बसली, स्वच्छतागृह चालू असलं, आणि गाडी लागल्याचं कुणी ओरडून सांगितलं, तरी माझ्या मते सगळ्यात स्वस्तातला आणि सगळ्यात गरजेचा कार्यक्रम तोच होईल. माझ्या हातात असतं तर मी सुरुवात ग्राउंडवरून केली नसती, तिथून केली असती.

फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक होतं. त्याआधी दोन-तीन नगरसेवकांना हा वहीतला हिशोब दाखवायचं मावसभावानं कबूल केलंय, वहिनी शाळेत बोलणार आहे. तुमच्यापैकी जे मलकापूर, नांदुरा, मोताळ्याकडचे आहात, त्यांनी एवढंच कळवा, की तुमच्या गावी संध्याकाळी मुलांसोबत ग्राउंडवर कुणी मोठं माणूस असतं का, आणि असलं तर त्याला पैसे कोण देतं.